मापे कोणाच्या सोयीची?

इलेक्ट्रॉनचे वस्तुमान किती, असा प्रश्न परीक्षेत आला की शहापूर-मुरबाडकडील आश्रमशाळेतून कनिष्ठ महाविद्यालयात आलेला विद्यार्थी काय किंवा मुंबईतील नामांकित महाविद्यालयातला विद्यार्थी काय, दोघेही एकच उत्तर लिहितात : ९.१ गुणिले १० चा उणे ३१ वा घात, किलोग्रॅम. उत्तर बरोबर असते आणि त्याला गुणही पुरे मिळतात. पण त्या उत्तराने विद्यार्थ्याच्या मनात इलेक्ट्रॉनच्या हलकेपणाची काही कल्पना उभी राहते काय, असे विचारले तर होकार देणे कठीण आहे. दशांशचिन्हानंतर तीस शून्ये मांडायची आणि मग ९१ लिहायचे. शून्यांची एवढी गर्दी मोजता येते, पण उमगत नाही. उद्या छपाईच्या चुकीने त्यांतील तीन शून्ये गळाली, तर वर्गात ती चूक कोणाच्या लक्षात येईल याची खात्री देता येत नाही. तीन शून्ये म्हणजे हजारपट. किराणा दुकानात हजारपटीची चूक झाली तर निरक्षर गिऱ्हाईकही ती तिथल्या तिथे पकडते. कारण तिथले माप त्याच्या हातातले असते.

मापाचा हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानातील एक क्षुल्लक तपशील वाटेल. वस्तुत: तो शिक्षणाचा प्रश्न आहे आणि काही अंशी लोकशाहीचाही आहे. जे माप ऐकणाऱ्याच्या आवाक्यातले नसते, त्या मापात सांगितलेली संख्या माहिती देत नाही. ती केवळ दरारा निर्माण करते. तानसा तलावाच्या आसपास राहणाऱ्यांना याचा अनुभव दरसाल येतो. १८९२ साली पूर्ण झालेल्या या तलावाची साठवणक्षमता वृत्तपत्रांत १,४५,०८० दशलक्ष लिटर म्हणून छापली जाते. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत तीच सुमारे ५.१२ अब्ज घनफूट होते आणि धरण बांधणाऱ्या इंग्रजी अमदानीच्या मापाने सांगायची तर ती सुमारे ३,१९० कोटी गॅलन भरते. पाणी तेच, आकडे तीन. तालुक्यातील ज्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील स्त्रीचे माप आणखी चौथेच असते : हंडा. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर भरलेल्या तानसात सुमारे ९६७ कोटी हंडे पाणी मावते. कागदपत्रांत हा आकडा सहसा आढळणार नाही. पण आपल्या दारातले किती पाणी मुंबईला जाते हे त्या स्त्रीला कळायचे असेल, तर ते याच आकड्याने कळेल. मापे बदलणे हा नुसता गुणाकार-भागाकार नसतो. हिशेब कोणाला करता यावा, हे त्या बदलातून ठरत असते.

पाण्याच्या बाबतीत आकडा अवाढव्य होऊन माणसाच्या हातून निसटतो. मूलकणांच्या बाबतीत तो अतिसूक्ष्म होऊन निसटतो. दोहोंवरचा उपाय मात्र एकच आहे. मोजायच्या वस्तूजोगते माप घ्यावे आणि ते नेहमीच्या मापाशी पायरीपायरीने जोडून दाखवावे. मूलकणांसाठी असे माप आता उपलब्ध झाले आहे. मेट्रिक पद्धतीत लहान मापांची नावे गरजेप्रमाणे वाढत गेली. १९६४ साली फेम्टो आणि ॲटो हे उपसर्ग मान्य झाले, १९९१ साली झेप्टो आणि योक्टो आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे भरलेल्या वजने व मापे यांच्या सत्ताविसाव्या सर्वसाधारण परिषदेने त्यांत रोंटो आणि क्वेक्टो यांची भर घातली. योक्टो म्हणजे १० चा उणे २४ वा घात, रोंटो म्हणजे उणे २७ वा आणि क्वेक्टो म्हणजे उणे ३० वा. त्या परिषदेपुढची मुख्य निकड संगणकांत साठणाऱ्या प्रचंड माहितीला नावे देण्याची होती. मोठ्या उपसर्गांच्या जोडीला लहान उपसर्ग आले. परंतु त्यामुळे अणूच्या अंतरंगातील कणांची मोठी सोय झाली. प्रोटॉन आता १.६७३ योक्टोग्रॅमचा झाला, न्यूट्रॉन १.६७५ योक्टोग्रॅमचा आणि इलेक्ट्रॉन ०.९११ रोंटोग्रॅमचा, म्हणजेच ९११ क्वेक्टोग्रॅमचा. शून्यांची रांग संपली आणि हाताशी राहिले ते एक-दोनच्या घरातले आकडे.

ही नावे परकी वाटतील. पण लहान वजनांची उतरंड लावणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशी एक उतरंड दिलेली आहे. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात जो धूलिकण तरंगताना दिसतो तो त्रसरेणू, हे तिथले सर्वांत लहान माप. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक जव आणि तीन जवांची एक गुंज. म्हणजे एका गुंजेत १,२९६ त्रसरेणू झाले. तोळ्याच्या शहाण्णवाव्या हिश्शाची गुंज धरली, तर तिचे वजन सुमारे ०.१२१५ ग्रॅम भरते आणि त्रसरेणूचे सुमारे ९४ मायक्रोग्रॅम. या उतरंडीचे मर्म असे, की तिची प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसणाऱ्या आणि बोटांना जाणवणाऱ्या वस्तूची आहे. मोहरी स्वयंपाकघरातली, जव शेतातला, गुंज रानातल्या वेलीवरची. सोनाराच्या तराजूत पडणारे माप आणि कवडशातला धूलिकण यांचे नाते त्यामुळे सामान्य माणसालाही कळत असे.

मेट्रिक पद्धतीने ही उतरंड मोडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणीकरण कायद्याने, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, गावोगावची शेकडो वेगवेगळी मापे जाऊन त्या जागी एकच माप आले, आणि मापातील फसवणुकीला आळा घालण्याच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे कसे द्यायचे हा पेच पडला. सरकारी कोष्टकाने एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे ठरवून दिले. एकेक आणा चार वेळा मोडणाऱ्याला चोवीसच नवे पैसे मिळत, चार आणे एकदम मोडणाऱ्याला पंचवीस. रूपांतरातील पाव पैसा कोणाच्या पदरात पडतो, याकडे त्या पिढीचे बारीक लक्ष असे. मापांतराचे शिक्षण म्हणतात ते हेच. आज तेच रूपांतर गणकयंत्राच्या कळीवर उरकते आणि पाव पैसा कुठे गेला हे कोणी विचारीत नाही.

अतिसूक्ष्म मापांत तर ही दक्षता अधिकच हवी. कारण तिथे एक सापळा आहे. मेट्रिक पद्धतीत वस्तुमानाचे मूळ एकक किलोग्रॅम आहे, परंतु उपसर्ग लागतात ते ग्रॅमला, किलोग्रॅमला नव्हे. ‘किलो’ हा स्वत:च एक उपसर्ग असल्यामुळे त्यावर दुसरा चढवता येत नाही. पाठ्यपुस्तकात प्रोटॉनचे वस्तुमान १.६७ गुणिले १० चा उणे २७ वा घात किलोग्रॅम असे असते. उणे २७ म्हणजे रोंटो, हे पाठ केलेला विद्यार्थी चटकन १.६७ रोंटोग्रॅम लिहून मोकळा होईल आणि हजारपटीने चुकेल. आधी किलोग्रॅमचे ग्रॅम करायचे, म्हणजे उणे २७ चे उणे २४ होतात, आणि मग योक्टो लावायचा. एवढी एक पायरी फळ्यावर नीट मांडून दाखवली, तरी घातांकांचा अर्थ वर्षभराच्या घोकंपट्टीपेक्षा अधिक स्पष्ट होईल.

आता या मापांतराचा खरा लाभ पाहावा. पाण्याच्या साध्या रेणूत दहा प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन आणि दहा इलेक्ट्रॉन असतात. दहा प्रोटॉनांचे १६.७२६ योक्टोग्रॅम, आठ न्यूट्रॉनांचे १३.३९९ योक्टोग्रॅम आणि दहा इलेक्ट्रॉनांचे ९.११ रोंटोग्रॅम, म्हणजे ०.००९ योक्टोग्रॅम. एकूण बेरीज ३०.१३४ योक्टोग्रॅम. प्रत्यक्षात त्या रेणूचे वस्तुमान भरते २९.९०७ योक्टोग्रॅम. हिशेबात ०.२२७ योक्टोग्रॅमची तूट आली. वाण्याच्या वहीत अशी तूट निघाली तर तो रात्रभर झोपणार नाही. ती कुठे गेली हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून आपोआप निघेल, आणि त्याचे उत्तर म्हणजे विसाव्या शतकातील एक महान शोध आहे. ऑक्सिजनच्या केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र बांधले गेले तेव्हा ते वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडले. वस्तुमान आणि ऊर्जा यांचे आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेले नाते या साध्या वजाबाकीत उघड दिसते. हाच हिशेब उणे २७ आणि उणे ३१ अशा घातांकांत मांडला, तर शेकडा पाऊण इतकी ही तूट विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज सुटते.

या तुटीवर आपल्याकडे वीजही तयार होते. जुन्या ठाणे जिल्ह्यात असलेले आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणारे तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथे मार्ग उलटा आहे : युरेनियमचे जड केंद्रक फोडून त्याचे हलके तुकडे केले जातात, पण जमाखर्चाचा नियम तोच. युरेनियम-२३५ चा एक अणू सुमारे ३९० योक्टोग्रॅमचा. तो भंगताना त्यातल्या सुमारे ०.३६ योक्टोग्रॅमची ऊर्जा होते, म्हणजे हजारात एका भागाहूनही थोडी कमी. एवढ्याशा तुटीवर एवढे मोठे केंद्र उभे आहे, हे ज्याला आकड्यांनी पटले, त्याला अणुऊर्जेच्या बाजूचे आणि विरोधातले दोन्ही दावे तपासून पाहता येतील. केवळ घातांक पाठ केलेल्याला दोन्ही बाजूंचे दावे सारखेच अगम्य राहतील.

यावर तज्ज्ञांचा एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मूलकणांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ ग्रॅम वापरीतच नाहीत. ते वस्तुमान ऊर्जेच्या मापात, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतात. रसायनशास्त्रज्ञ डाल्टन वापरतात. इलेक्ट्रॉन ०.५११ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आणि प्रोटॉन ९३८.३ दशलक्षांचा म्हटले की त्यांचे काम भागते. मग योक्टोग्रॅमचा खटाटोप कशासाठी? तज्ज्ञांनी आपल्या कामाला सोयीचे माप वापरावे हे योग्यच आहे. परंतु त्यांची सोय ती सर्वांचीच सोय, असे गृहीत धरणे योग्य नाही. सामान्य माणसाचे माप ग्रॅम आहे. साखर, सोने, औषधाची गोळी आणि पत्रावरचे टपाल हे सारे तो ग्रॅममध्ये जोखतो. अणूपर्यंत जायचे तर याच मापाची पायवाट त्याच्या पायाखाली हवी. शिवाय हे रूपांतर आता फार सोपे झाले आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिली नाही. ती प्लँकच्या स्थिरांकावर बांधली गेली आणि इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारालाही त्याच वेळी कायमचा आकडा मिळाला. त्यामुळे इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ग्रॅम करताना मोजमापातली अनिश्चितता आड येत नाही. एक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे १.७८३ रोंटोग्रॅम, आणि त्याच्या हजारपट म्हणजे १.७८३ योक्टोग्रॅम. हा एकच आकडा लक्षात ठेवावा. ०.५११ ला त्याने गुणले की इलेक्ट्रॉनचे ०.९११ रोंटोग्रॅम मिळतात. २०१२ साली सापडलेल्या हिग्ज बोसॉनच्या १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टना गुणले की सुमारे २२३ योक्टोग्रॅम येतात. एक मूलकण सीझियमच्या अख्ख्या अणूपेक्षाही किंचित जड असू शकतो, हे आश्चर्य त्या गुणाकारातून हाती लागते.

त्या ठोकळ्याची हकीकतही बोधप्रद आहे. १८८९ साली प्रमाण म्हणून मान्य झालेला हा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडल्याचे आढळले. हा फरक जुन्या मापाने अर्ध्या त्रसरेणूइतका. त्यात प्रोटॉन मात्र सुमारे तीनशे परार्ध मावतील. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीत संख्यास्थानांची नावे परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, दिली आहेत. मोठ्या संख्यांना नावे देणाऱ्या या परंपरेला लहान संख्यांच्या नव्या नावांचे वावडे असण्याचे कारण नाही.

तथापि नावे बदलली की समज आपोआप येते, असाही भ्रम नसावा. ‘उणे सत्तावीस’ घोकण्याऐवजी ‘रोंटो’ घोकून काहीच साधणार नाही. तराजूच्या एका पारड्यात ओळखीची वस्तू पडली पाहिजे. तानसाचेच पाणी घेऊ. एक लिटर पाण्यातले सगळे इलेक्ट्रॉन वेगळे काढून तोलता आले, तर ते सुमारे ०.३०५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच गुंजा भरतील. पंधरा लिटरच्या हंड्यात ते साडेचार ग्रॅमहून थोडे अधिक असतील. हंड्याच्या उरलेल्या भारात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचाच वाटा. काठोकाठ भरलेल्या तानसातल्या इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान मात्र सुमारे ४४ हजार टन होईल. ते वाहायला दहा टनी मालमोटारी चार हजार चारशे लागतील. क्वेक्टोग्रॅममधला कण आणि मालमोटारींची रांग यांच्यामध्ये गुणाकाराखेरीज दुसरे काही नाही, हे ज्या मुलीने स्वत: करून पाहिले, तिला पुढे अर्थसंकल्पातील लाख कोटींची भीती वाटणार नाही. मुंबईचा रोजचा पुरवठा चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे, म्हणजे भरलेला तानसा एकट्याने तो जेमतेम पाच आठवडे भागवील, हे गणितही ती मांडील. आणि आपल्या पाड्याला रोज किती हंडे पुरतील, हे त्याच वहीच्या पुढच्या ओळीत लिहील.

मापांची ही शिडी कुठेतरी अपुरी पडते, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर लागली. त्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. या न्यूट्रिनोचे वस्तुमान अद्याप कोणाला मोजता आलेले नाही. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील प्रयोगाने २०२५ साली ते ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी असल्याचे दाखवून दिले. ही वरची मर्यादाच एका क्वेक्टोग्रॅमच्या हजाराव्या भागाहून लहान आहे. सर्वांत लहान उपसर्गही तिथे थिटा पडतो. पाठ्यपुस्तकातल्या ज्ञानाला अशी कड आहे आणि त्या कडेपलीकडे काम शिल्लक आहे, हे कळणे हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.

यासाठी कोणत्याही मोठ्या योजनेची अथवा खर्चाची आवश्यकता नाही. पाठ्यपुस्तकात कणांची वस्तुमाने किलोग्रॅमच्या घातांकांत दिली जातात, त्यांच्या शेजारी योक्टोग्रॅम आणि रोंटोग्रॅममधले आकडे छापावेत. पाण्याच्या रेणूचा जमाखर्च स्वाध्यायात घालावा. परीक्षेत नुसता आकडा विचारण्याऐवजी एका मापातून दुसऱ्या मापात जायला सांगावे, आणि आलेले उत्तर संभवनीय आहे की नाही याविषयी एक वाक्य लिहून घ्यावे. त्या एका वाक्याला दोन गुण ठेवले, तरी घोकंपट्टीचा जोर पुष्कळ ओसरेल. मराठी माध्यमाच्या शिक्षकांना तर हे अधिक सहज जमेल. गुंज, मासा, तोळा, हंडा हे शब्द त्यांच्या वर्गात अजून जिवंत आहेत.

तानसाचे पाणी शहापूरच्या पाड्यांवरून पुढे मुंबईला जाते. त्या पाण्याचा हिशेब मागायचा तर तो आधी करता आला पाहिजे, आणि हिशेब ही विद्या सर्वांत लहान कणापासून सर्वांत मोठ्या तलावापर्यंत एकच आहे. ती शिकवताना माप मात्र शिकणाऱ्याच्या सोयीचे असावे.